कुणी ‘चला’ म्हणायचं नाही



दिवाळीचा फराळ संपत आला, की घराघरांत सहलीच्या गोष्टी सुरू होतात. हल्ली बऱ्याच घरांत चारचाकी आली आहे. तेव्हा आपली गाडी काढू, महाबळेश्वर करू, तसंच खाली कोकणात उतरू, येताना कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन घेऊ, असा बेत ठरतो. आज त्याच प्रवासाच्या आखणीबद्दल बोलायचं आहे. आधी मी माझी चूक सांगणार आहे. आखणी म्हणजे काय हे मला त्या चुकीनं शिकवलं.

माझ्या सासूबाईंचं माहेर गुहागर तालुक्यातलं. लग्न होऊन त्या पुण्याला आल्या आणि इथल्याच झाल्या. माहेरी त्यांची थोरली बहीण होती. आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो. तिची भेट झाली नाही त्याला बरीच वर्षं लोटली होती. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी ठरवलं, की या वेळी आईंना घेऊन जायचंच. मी पतसंस्थेत रोखपाल आहे, आकडेमोडीची सवय आहे. मोबाइलवर नकाशा उघडला आणि चार दिवसांत सतरा ठिकाणं बसवली. कागद इतका नेटका झाला होता, की मी तो फ्रिजवर चिकटवला.

निघालो सप्टेंबरच्या शेवटी. पाऊस पुरता ओसरला नव्हता. सकाळी सहाला निघायचं ते डबे भरता भरता साडेनऊ झाले. पण ठिकाणं सोडायची नाहीत, हा माझा हट्ट. पाचगणीचं पठार झालं, महाबळेश्वरचे पॉइंट झाले, आणि आंबेनळी घाटाच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा दिवस मावळला होता. घाटात धुकं इतकं, की पुढचं वळण दिसेना. आमचे हे गाडी चालवत होते आणि गाडीत कुणीही बोलत नव्हतं. पोलादपूरला उतरलो तेव्हा मागच्या सीटवर आई निपचित पडल्या होत्या. महाडला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, ‘आजींनी दिवसभरात पाणी किती घेतलं?’ मी मुलीकडे पाहिलं, मुलीनं माझ्याकडे. आईंनी सकाळच्या चहानंतर पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. वाटेत कुठे जावं लागलं तर सगळ्यांचा खोळंबा होईल, म्हणून.

दोन दिवस सलाईन लागलं आणि आम्ही तिथूनच पुण्याला परतलो. माहेर राहिलं. पुढच्या माघात अक्का गेल्याचा फोन आला. आई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. फ्रिजवरचा तो कागद मात्र त्यांनीच काढून घडी करून कपाटात ठेवला होता. तो मला नंतर सापडला.

मैत्रिणींनो, त्या कागदावर सतरा ठिकाणं होती, पण आईंचं पाणी नव्हतं, गुडघे नव्हते. गाडीत बसणारी माणसं कोण आहेत, याचा विचारच मी केला नव्हता. गेल्या वर्षी डिसेंबरमध्ये आम्ही तोच प्रवास पुन्हा केला. या वेळी आखणी निराळ्या रीतीनं केली. ती रीत आज तुम्हाला सांगते.

पहिली पायरी म्हणजे विचारणं. आम्ही पाच जण होतो. आई, जाऊबाई, आमचे हे, माझी मुलगी आणि मी. एका संध्याकाळी सगळ्यांना बसवून प्रत्येकाला एकच गोष्ट मागायला सांगितलं. ती मिळणारच, बाकी सगळं जमलं तर. ह्यांनी प्रतापगड मागितला. मुलीला गाडीसकट बोटीत बसून खाडी ओलांडायची होती. जाऊबाईंना अंबाबाईची पहाटेची काकड आरती हवी होती. मला गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला जाणारा आरे-वारेचा समुद्राकाठचा रस्ता स्वतः गाडी चालवत पार करायचा होता. मी चव्वेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले, आणि तोवर माझी मजल घर ते पतसंस्था एवढीच होती. आई म्हणाल्या, ‘मला आमच्या पडवीत एक अख्खी दुपार बसायचंय. पण कुणी मध्येच “चला” म्हणायचं नाही हं.’

पाच मागण्या कागदावर आल्या आणि प्रवास आपोआप ठरला. या पाच ठिकाणांच्या मधलं जे सहज वाटेवर येईल तेच घ्यायचं. सतरातली नऊ ठिकाणं तिथेच गळली. त्यांची आठवणही कुणाला झाली नाही.

दुसरी पायरी, अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, तासांत मोजा. महाबळेश्वर ते पोलादपूर हे अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर. द्रुतगती मार्गावर एवढं अंतर अर्ध्या तासात जातं. पण महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि पोलादपूर डोंगराच्या पायथ्याशी. ती सगळी उंची या चाळीस किलोमीटरांत उतरायची असते, वळणावळणानं. क्षेत्र महाबळेश्वरच्या देवळात पाच नद्यांचं उगमस्थान दाखवतात. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री. त्यांतली कृष्णा पूर्वेला निघते आणि पार बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेचा कडा उतरून कोकणात येते आणि बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. आपली गाडीही सावित्रीसारखीच तो कडा उतरते. म्हणून घाटाच्या रस्त्याला नकाशा जो वेळ दाखवतो त्याच्या दीडपट धरा. त्यात थांबण्याचा वेळ वेगळा मिळवा. सगळं मिळून दिवसाला पाच तासांवर गाडीत बसणं होता कामा नये. घरी परतायचा दिवस तेवढा अपवाद.

आता आमचे आठ दिवस सांगते. कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या.

पहिला दिवस. पहाटे साडेसहाला पुणं सोडलं. खंबाटकी घाट ओलांडून वाईला नाश्ता केला, ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं, कृष्णेच्या घाटावर थोडं बसलो. मग पसरणी घाट चढून पाचगणी आणि जेवणाच्या वेळेला महाबळेश्वर. सगळं मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आत. संध्याकाळी क्षेत्र महाबळेश्वर पाहिलं. दोन रात्री तिथेच काढल्या. दुसऱ्या दिवशी गाडीला आणि चालवणाऱ्यालाही विश्रांती दिली.

तिसरा दिवस. धुकं विरल्यावर, नऊ वाजता निघालो. आंबेनळी घाटातच प्रतापगडाचा फाटा लागतो. हे आणि मुलगी गड चढून आले. आम्ही तिघी खाली चहा घेत बसलो. पोलादपूरला जेवण. तिथून मुंबई-गोवा महामार्गानं खेड, आणि खेडहून आत वळून दापोली. पूर्वी मधला कशेडी घाट फार वेळ खायचा. आता तिथे बोगदा झाल्यामुळे तो टप्पा सोपा झाला आहे. चारच्या सुमाराला दापोलीत पोहोचलो. दापोलीजवळचं मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. त्यांनी १९१६ मध्ये बायकांसाठी विद्यापीठ काढलं. मुलीला तिथे मुद्दाम नेलं. सूर्यास्त तिथल्याच किनाऱ्यावर झाला.

चौथा दिवस मुलीचा. दापोलीहून खेड-चिपळूणमार्गे गुहागर करायचं तर शंभरेक किलोमीटर पडतात. दाभोळच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं वाशिष्ठीची खाडी ओलांडली, की पलीकडे धोपावे, आणि अंतर निम्म्यावर येतं. बोटीत गाडी चढवताना घाबरू नका. तिथली माणसं हातानं खुणा करतात, तशी सावकाश घ्या. गाडी उभी राहिली, की हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा. फेरीच्या वेळा मात्र आदल्या दिवशी चौकशी करून घ्या. हवामान आणि दुरुस्तीमुळे त्या बदलतात. शेवटची बोट चुकली तर रात्रीचा तो सगळा वळसा पडतो.

चौथी आणि पाचवी रात्र आईंच्या माहेरी. त्याबद्दल शेवटी सांगते.

सहावा दिवस माझा. हेदवीच्या गणपतीला नमस्कार करून तवसाळला आलो. तिथून दुसरी फेरीबोट जयगडला जाते. पलीकडे मालगुंड लागतं, कवी केशवसुतांचं गाव. तिथलं स्मारक पाहिलं आणि गणपतीपुळ्याला जेवलो. तिथून मी स्टिअरिंग हातात घेतलं. एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र, आणि मध्ये मी. हे शेजारी बसून न बोलता राहिले. ते त्यांना किती जड गेलं असेल, हे ज्यांनी नवऱ्याला शेजारी बसवून गाडी चालवली आहे त्यांना सांगायला नको. पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता. मी तासभर लावला. मागून हॉर्न वाजला की बाजूला थांबून पुढे जाऊ द्यायचे.

रत्नागिरीत लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान आहे आणि थिबा पॅलेस आहे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि पुढे इथे आणून ठेवलं. १९१० मध्ये हा राजवाडा बांधून झाला. १९१६ मध्ये राजा इथेच वारला. मुलगी वाचून दाखवत होती. आईंनी विचारलं, ‘आणि राणी? ती तरी परत गेली का?’ राणी राजा वारल्यानंतर १९१९ मध्ये रंगूनला परत गेली. आई एवढंच म्हणाल्या, ‘गेली ना, बरं झालं.’

सातवा दिवस. रत्नागिरीहून हातखंबा, साखरपा करत आंबा घाट चढलो आणि मलकापूरवरून दुपारी कोल्हापुरात. सुमारे एकशे तीस किलोमीटर. संध्याकाळी रंकाळा. आठव्या दिवशी पहाटे जाऊबाईंची काकड आरती झाली. आई त्यांच्याबरोबर गेल्या. मी झोपले. सुट्टीत प्रत्येकीनं प्रत्येक ठिकाणी जायलाच हवं असं नाही. मिसळ खाल्ली, प्रत्येकीनं पायात घालून पाहून एकेक कोल्हापुरी चपलेचा जोड घेतला आणि पुण्याची वाट धरली. वाटेत कऱ्हाडला प्रीतिसंगमावर थांबलो. महाबळेश्वरला उगम पाहिलेल्या कृष्णा आणि कोयना इथे एकमेकींना भेटतात. त्या दिवशी अडीचशेच्या जवळपास किलोमीटर झाले, पण रस्ता चौपदरी आणि सरळ होता.

सगळं मिळून सव्वासातशे किलोमीटर, आणि इकडे-तिकडे फिरणं धरून नऊशे. तुमची गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देत असेल, तर साठ लिटर इंधन लागेल. त्याला त्या दिवशीच्या भावानं गुणा, टोल आणि फेरीचं भाडं मिळवा, सात रात्रींच्या खोल्या धरा, आणि आलेल्या रकमेवर दर शंभराला पंधरा रुपये वर ठेवा. हिशेब आधी झाला, की वाटेत पैशावरून वाद होत नाहीत.

आता तिसरी पायरी. ही खास आपल्यासाठी. स्वच्छतागृहाच्या जागा आधी ठरवा. हसू नका. आपण बायका प्रवासात पाणी पीत नाही. लहानपणापासून आपल्याला तशी सवय लागलेली असते. त्यातून चक्कर येते, लघवीची जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो. मी या वेळी प्रत्येक दिवसाच्या कागदावर रस्त्याच्या कडेला खुणा केल्या. मोठा पेट्रोल पंप, एसटी स्टँड, जेवणाचं हॉटेल. दर दोन तासांनी गाडी थांबणार, कुणाला लागली असो वा नसो. कुणी मागायचंच नाही. मागावं लागलं की संकोच होतो, आणि संकोच वाटला की पाणी बंद होतं. घाट चढण्या-उतरण्याआधी शेवटचा थांबा घ्यायचाच, कारण घाटात सोय मिळणं कठीण. प्रत्येकीची पाण्याची बाटली वेगळी ठेवा, म्हणजे कोण पीत नाही ते दिसतं. जवळ साबणाचा तुकडा, जुनी वर्तमानपत्रं आणि सॅनिटरी पॅड असू द्या. तारीख लांब असली तरी.

चौथी गोष्ट वडीलधाऱ्यांची. आईंना पुढची सीट दिली आणि ती मागे सरकवली, म्हणजे पाय लांब करता येतात. गाडीत चढायला आम्ही घरातला लाकडी पाट बरोबर नेला होता. दार उघडलं, की मुलगी पाट ठेवायची. आठ दिवसांत कुणाचा हात धरून ओढावं लागलं नाही. औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी डिकीतल्या बॅगेत ठेवू नका, हाताशी ठेवा. घाटात मळमळणाऱ्यांनी पोट अगदी रिकामं ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. तोंडात आवळासुपारी किंवा आल्याची वडी धरावी आणि मोबाइल पाहू नये.

पाचवी गोष्ट गाडीची आणि रस्त्याची. निघायच्या आठवडाभर आधी ब्रेक, वायपर, दिवे आणि टायर तपासून घ्या. स्टेपनीतली हवासुद्धा. विमा आणि पीयूसीच्या तारखा पाहा. घाट उतरताना ब्रेकवर पाय दाबून धरू नका, ब्रेक तापून निकामी होतात. ज्या गिअरमध्ये चढ चढाल, त्याच गिअरमध्ये तो उतरा. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला वाट द्या. आतल्या रस्त्यांवर पंप लांब लांब असतात, म्हणून टाकी अर्ध्यावर आली की भरा. काही ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि गावांची नावं कागदावरही लिहा. संकटात ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हे तीन आकडे मुलांनाही पाठ असू द्या.

अंधार पडल्यावर घाट नाही, आणि भर पावसाळ्यात हा प्रवासच नाही. आंबेनळीत दरडी कोसळतात, रस्ता बंद पडतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल रात्रीच्या पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या गाड्या माणसांसकट गेल्या. ते आपण विसरू नये. समुद्राचंही तसंच आहे. गणपतीपुळे दिसायला शांत, पण पाण्याला ओढ फार. गावकरी नको म्हणतील तिथे उतरू नका. आणि गाडी वाळूत नेऊ नका. भरती आली की रुतलेली गाडी काढायला वेळ मिळत नाही.

शेवटचं, सुट्टी घरातल्या सगळ्यांची असते, आपलीही. मागच्या वेळी चार दिवसांचा शिधा बांधता बांधता मला निघायलाच उशीर झाला होता. या वेळी पहिल्या दिवसापुरत्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली. पुढे जिथे जाऊ तिथलं खाल्लं. बॅगा भरणं मुलीकडे, गाडीत सामान लावणं ह्यांच्याकडे, आणि रोज रात्री दुसऱ्या दिवसाचा कागद वाचून दाखवणं जाऊबाईंकडे. कामं वाटली, की चिडचिडही कमी होते.

आता आईंच्या माहेराबद्दल. आम्ही चौथ्या दिवशी दुपारी बाराला पोहोचलो. भाचेसून आंघोळीचं पाणी तापवून वाट पाहत होती. जेवणं झाली आणि आई पडवीत जाऊन बसल्या. समोर सुपारीची बाग. शेजारी अक्कांची खुर्ची तशीच होती, वेताची. आईंनी तिच्यात बसायचं नाही असं ठरवलं असावं, त्या खाली चटईवर बसल्या. तास गेला, दोन तास गेले. शेजारपाजारच्या बायका येऊन बसून गेल्या. मग कुणीच नव्हतं. ह्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं, कारण सूर्यास्ताला किनाऱ्यावर जायचं त्यांच्या मनात होतं. मी मान हलवली. ते गप्प बसले.

दिवेलागणीला आई उठल्या. चटई गुंडाळली, खुर्चीवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘चल, आत जाऊ. डास चावायला लागले.’

अक्का असताना मला त्यांना तिथे नेता आलं नाही. ते आता भरून निघणार नाही, आणि तसा माझा दावाही नाही. पण तुमच्या घरातही कुणाची तरी एक पडवी असेल. ती कुठे आहे, हे गाडीत पेट्रोल भरण्याआधी विचारा. आज रात्रीच विचारा. आणि उत्तर मिळालं, की कागदावर सगळ्यात वर लिहा.